नागिणीचा बांध

आमच्या सिडकोतल्या गल्लीत दगडाबाई पहिल्यांदा पालेभाजी घेऊन बसल्या, तेव्हा शेजारणीनं नाव विचारलं आणि ऐकून हसू दाबलं. दगडाबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"हसा बाई, खुशाल हसा. माझ्या आधीची दोन लेकरं आईच्या मांडीवर गेली. तिसरी मी. मग आजी म्हणली, हिचं नाव दगडा ठेवा. कोणता आजार दगडाला दात लावंल?" असं म्हणत त्यांनी मेथीची जुडी शेजारणीच्या पिशवीत कोंबली. "अन् बघा, कुणी लावला का दात?"

तेव्हापासून एकोणीस वर्षं त्या आमच्या फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली बसतात. सकाळच्या टेम्पोनं करमाडहून येतात, अकरापर्यंत पाटी रिकामी करून परत जातात. भाजी स्वतःच्या शेतातली. नवरा, काकासाहेब, आठ वर्षांपूर्वी गेले. शेजारचं शेत धाकट्या दिराचं, पुंजारामचं. दोन्ही शेतांच्या मध्ये बांध आहे. म्हणजे होता. काकासाहेब गेल्यापासून दर पेरणीला पुंजारामचा नांगर बांध थोडाथोडा कोरत इकडे सरकत होता. दगडाबाई विचारायच्या, तो म्हणायचा, "वैनी, तुमाला भास व्हतोय." शेवटी त्यांनी सरकारी मोजणीचा अर्ज केला. वर्षभर हेलपाटे घातले, तेव्हा कुठे तारीख मिळाली. मे महिन्यातला एक गुरुवार. अर्जदार जागेवर नसला तर मोजणीवाले परत जातात आणि अर्ज निकालात निघतो, हे त्यांना कचेरीतल्या शिपायानं तीनदा बजावलं होतं. आणि त्यानंतर जूनची पेरणी झाली की शेतात पाय कोण ठेवू देणार?

त्या गुरुवारच्या आधीच्या रविवारी दगडाबाई आल्या त्या वाकड्याच. डावा हात अंगापासून लांब धरलेला, पदर सैल. पाटी उतरवताना ओठ आवळले.

"काय झालं?"

"नागीण चढली, ताई."

मी त्यांना आत घेतलं. डाव्या बरगडीखाली, पोटापासून पाठीकडे जाणारा लाल पट्टा, त्यावर पाण्याच्या फोडांचे घोस. कुणीतरी पट्ट्याच्या दोन्ही टोकांना गेरू फासला होता.

"हे कुणी केलं?"

"कडूबानं. गावात तोच नागीण उतरवतो. हे तोंड, हे शेपूट. सात दिवस उंबरा वलांडायचा नाय म्हणला. वलांडला तर तोंड फिरून शेपटाला मिळंल, अन् मिळालं की माणूस संपला."

"मग तुम्ही कशा आलात?"

"कोथिंबीर काढलेली व्हती. ती थोडीच सात दिवस उंबऱ्यात थांबती?"

बोलणं ठसक्यात होतं, पण मी दिलेला चहा कपात तसाच होता. मग हळूच म्हणाल्या, "कडूबाला भाऊजीच घेऊन आले."

"पुंजारामला अचानक एवढी काळजी?"

"काळजी खोटी नाय, ताई. त्याचा मामा नागिणीनं गेला म्हणतात. लई भेतो तो. पण बेस्तरवारची मोजणीबी त्याला ठाऊक हाय ना." कप खाली ठेवला. "मी भेत नाय मरायला. पण बेस्तरवारच्या आधी मरायचं नाय मला."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी डॉक्टर बसतात. त्यांनी पाहिलं, पहिल्या दिवसांतच आलात ते बरं केलंत म्हणाले, आणि दिवसातून पाच वेळा घ्यायच्या गोळ्या दिल्या. फोड झाकून ठेवा, सुकेपर्यंत तान्ह्या मुलांना आणि गरोदर बायकांना जवळ घेऊ नका. दगडाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि बाहेर आल्यावर मला धरलं. "डॉक्टर लई घाईत व्हता. तुमी सांगा. ही बया आली कुठून?"

मी बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं होतं. लग्नानंतर त्याचा उपयोग विरजण नीट लावण्यापलीकडे फारसा झाला नव्हता. घरी परतल्यावर मी पदर खोचूनच बसले.

"लहानपणी कांजण्या आल्या होत्या?"

"आल्या ना. आईनं निंबाच्या पाल्यावर निजवलं व्हतं."

"त्या अंगावरून गेल्या, पण त्यांचा जंतू गेला नाही. मणक्याजवळ नसांची मुळं असतात, तिथे जाऊन तो झोपला."

"पन्नास वर्षं?"

"पन्नास वर्षं."

"अन् खाल्लं काय त्यानं?"

मला हसू आलं. म्हटलं, "काही न खाता पडून होता, कारण वर पहारा होता. रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यातल्या काहींना तुमच्या त्या कांजण्या अजून आठवतात. चोराचं तोंड ओळखीचं असतं त्यांच्या. जरा हलला की दाबतात."

"राखणदार," दगडाबाई म्हणाल्या. "ज्वारी हुरड्यात आल्यावर माळ्यावर बसतात तसे."

"तसेच."

"मग आता काय झालं? माळ्यावरून पडला?"

"थकला. वयानं थोडा थकतोच. त्यात माणूस महिनोन् महिने काळजीत राहिला, झोपला नाही, की शरीरात एक रस सारखा पाझरत राहतो. तो राखणदाराला गुंगी आणतो. तुम्ही नीट झोपलात त्याला किती दिवस झाले?"

त्या बोटं मोजायला लागल्या आणि थांबल्या. "तीन पेरण्या," म्हणाल्या.

मग पदर सावरत, "म्हंजी राग वाईट म्हणा."

"घटकाभराचा राग नव्हे. तेव्हा उलट राखणदार खडबडून उठतात, रक्तातून धावतात. वाईट ते कुढणं."

बोलून गेले आणि माझं मलाच कळलं की चूक झाली. दगडाबाईंच्या चेहऱ्यावर तीन वर्षांत न दिसलेलं काहीतरी आलं. "असं शास्त्रात हाय?"

"हो, पण भांडण हे औषध आहे असं काही शास्त्रात..."

"कळलं. कुढायचं नाय. एका दमात मोकळं व्हायचं."

मी कपाळाला हात लावला.

त्या उठता उठता थबकल्या. "पण तोंड शेपटाला मिळालं तर?"

"नाही मिळत. प्रत्येक नस मणक्यातून निघते ती अर्ध्याच अंगाला पुरते. डावीची डावीकडे, उजवीची उजवीकडे. ही नागीण डाव्या नसेवरून उतरलीय. मागे कण्यापाशी तिची हद्द संपते, पुढे बेंबीच्या रेषेत. पलीकडचं शेत तिचं नाही."

"तिलाबी बांध हाय म्हणा."

"आहे."

"मग आखा," त्या पाठमोऱ्या बसल्या. "गेरू हाय ना घरात? तुळशीच्या वृंदावनाला लावता तो?"

मी गेरू कालवला आणि मानेपासून कमरेपर्यंत, कण्यावरून, फोडांना धक्का न लावता एक सरळ रेघ ओढली. कडूबाच्या गेरूचे डाग बाजूला तसेच राहिले.

सोमवार, मंगळवार, बुधवार. त्या येत, पाटी ठेवत, आत येऊन पाठ उघडी करत. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, आणि घरी सून लांबूनच बघायची. "कुठवर आली?" "रेघेच्या चार बोटं अलीकडे." "आज?" "दोन बोटं." आग एवढी व्हायची की पदराचा वाराही नको वाटायचा, पण गोळीची वेळ चुकली नाही.

बुधवारी मी वाकून पुन्हा एकदा पाहिलं. दोन फोड रेघेच्या पलीकडे उमटले होते. डॉक्टर म्हणालेच होते, एखाददुसरा इकडेतिकडे पडतो, त्याचं काही नाही. तरी सांगू की नको?

"ताई, मुक्या झाल्या. वलांडली का?"

"दोनच फोड. पट्टा अलीकडेच आहे. डॉक्टर म्हणाले होते..."

दगडाबाईंच्या पाठीचे स्नायू ताठ झालेले मला दिसत होते. मग खांदे सैल पडले. "उंदीर वलांडतोच बांध," त्या म्हणाल्या. "म्हणून शेत उंदराचं व्हत नाय."

गुरुवारी मी त्यांच्याबरोबर करमाडला गेले. घरी सांगितलं, परतायला उशीर होईल, आमटी गरम करून घ्या. शेतात ऊन असं की मातीच्या ढेकळांना हात लावला तर भाजेल. मोजणीवाले साहेब छत्रीखाली नकाशा उलगडून बसले होते. पुंजाराम, पन्नाशीचा, टोपी डोळ्यांवर ओढलेला, त्यांना सांगत होता, "वैनी आजारी हाय साहेब. नागीण उठलीय. यायच्या नाय त्या."

"अर्जदार हजर," दगडाबाई मागून म्हणाल्या.

पुंजाराम वळला आणि चार पावलं मागे सरकला. चेहरा खरंच पांढरा पडला होता. "वैनी! उंबरा वलांडला? उन्हात? अवं, तोंड मिळंल ना! मामा माझ्या डोळ्यादेखत..."

"मिळंना ते. तिला हद्द हाय." दगडाबाईंनी उजवा हात पाठीमागे नेऊन कणा दाखवला. "पाच दिवस झाले भाऊजी, आग लावत आली आणि इथं येऊन थांबली. मुकी, बिनडोळ्याची, बिनशाळेची ती नागीण. तिला बांध कळतो. तुमाला आठ वर्षं कळंना व्हय?"

साहेबांनी नकाशातून मान वर काढली. पुंजारामची बायको वच्छलाबाई बाभळीखाली बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला. हसली की काय, मला कळलं नाही.

मोजणी दुपारपर्यंत चालली. दगडाबाई बसल्या नाहीत. मी दोनदा म्हटलं, तर म्हणाल्या, "राखणदार बसला की डुलकी लागती." शेवटी साहेबांनी पुंजारामच्या नांगरटीत आत चालत जाऊन टाच रोवली. "जुनी हद्द इथे." आत्ताच्या बांधापासून ती सात पावलं पलीकडे होती. पुंजाराम म्हणाला, पंचनाम्यावर सही करणार नाही. साहेब म्हणाले, "नका करू. तसं लिहितो." दगडाबाईंनी मात्र आपली सही केली, एकेक अक्षर जमिनीत रोवल्यासारखी. मग म्हणाल्या, "खुणेला दगड लागंल ना? मी हायच."

साहेबांच्या माणसानं टाचेच्या खुणेवर दगड रोवला. मी घड्याळ पाहिलं. "गोळीची वेळ झाली." त्यांनी कनवटीची पुडी सोडली. पाणी टेम्पोतच राहिलं होतं. गोळी कोरडीच तोंडात टाकणार, तोच वच्छलाबाई उठली. नवऱ्याकडे न बघता तांब्या घेऊन नव्या खुणेपर्यंत आली आणि तिथेच थांबली.

"कोरडी गिळू नका, जाऊबाई."

दगडाबाईंनी खुणेच्या अलीकडून हात लांबवला. डावा हात होता, जो पाच दिवस उचलवत नव्हता. तांब्या घेतला, गोळी गिळली, उरलेलं पाणी खुणेच्या दगडाच्या बुडाशी ओतलं आणि टाचेनं माती दाबली.