गादीखालचं हॉलतिकीट

शेजारच्या विहिरीवरच्या मोटारीची तांब्याची वायर मी चोरली होती. कुणी फूस लावली नव्हती, उगाच कुणावर का ढकलू? सतरा वर्षांचा होतो, म्हणून तुरुंगाऐवजी जळगावला, पोरांच्या निरीक्षणगृहात ठेवलं.

तिथे एकदा पाहुणे साहेब आले. प्रत्येकाला कागद दिला आणि पाच वर्षांनी कोण असाल ते लिहायला सांगितलं. पोरांनी काय काय ठोकून दिलं! एक फौजदार, एक हॉटेलमालक. साहेब कौतुकानं वाचत होते. माझ्या कागदावर होतं, आमच्या नरडाण्याच्या एमआयडीसीत वायरमन. ते हसले. वायर चोरणाराच वायरमन होणार म्हणे! पोरंही खिदळली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. थापा चालत होत्या, आणि मला खरंच जमेल असं काम तेवढं हसण्यावारी! आयटीआयला दहावी लागते, म्हणून त्याच आठवड्यात हट्टानं बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म भरला.

परीक्षा चार दिवसांवर आली आणि अचानक जामीन झाला. आई घ्यायला आली. तिथला रिवाज असा, की सुटलेल्यानं फाटकाबाहेर पडल्यावर मागे वळून पाहायचं नाही. पाहिलं तर परत यावं लागतं. पोरं खिडकीतून तेच बजावत होती. मी घाईघाईत अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो. रिक्षात बसताना आठवलं, हॉलतिकीट गादीखालीच राहिलं.

आईनं माझा दंड धरला. "मांगे दखू नको," ती म्हणाली. परीक्षा पुढच्या वर्षी दे म्हणत ती रडायलाच लागली. पुढच्या वर्षी? तोवर मी पुन्हा कुणाच्या तरी विहिरीवर पोचलो असतो, मला माझी खात्री होती. हात सोडवला आणि सरळ आत गेलो.

फाटकावरच्या काकांनी कपाळाला हात लावला. मी गादी उचलली, तिकीट खिशात घातलं.

"आलो ना परत? फिटलं. आता पुन्हा येणार नाही."

बाहेर पडलो आणि मुद्दाम वळून पाहिलं. दोनदा. आई घरापर्यंत माझ्याकडे पाठ करून बसली.

पेपरच्या दिवशी मात्र न सांगता माझ्याबरोबर आली. केंद्राच्या फाटकाशी तिनं निघताना माझ्याकडून मागून घेऊन पदरात बांधलेलं हॉलतिकीट माझ्या हातात ठेवलं आणि मला आत ढकललं.

"आते मांगे दखू नको."