हरमलाच्या विहिरीवरचा तह

हरमला म्हणजे मोठा वल्ली माणूस. उंटांशी गप्पा मारायचा, बायकोशी भांडायचा आणि दारात आलेल्या पाहुण्याला मात्र कधी नाव विचारायचा नाही. त्याची विहीर भर वाळवंटात. पश्चिमेला रोमनांचा किल्ला, पूर्वेला इराण्यांची छावणी, आणि मधल्या मुलखात हरमलाच्या टोळीवाचून कुणाला पाण्याचा थेंब मिळायचा नाही. त्यामुळे तहाची बोलणी करायची झाली की दोन्ही बादशहांचे वकील झक मारत त्याच्याच दारात यायचे!

त्या उन्हाळ्यात मात्र हरमलाचं हसू पळालं होतं. त्याचा थोरला मुलगा औस इराण्यांकडे ओलीस होता. तह झाला तर सुटणार, नाही तर नाही.

वकील आले. इराण्यांचे उंट लांबून आलेले, तहानेनं पार गळाठलेले. टोळीच्या रिवाजाप्रमाणं हरमलानं जास्त तहानलेली जनावरं आधी हौदावर घेतली. ते बघून रोमन वकील लालबुंद झाला. त्याचा दुभाषा धावत आला.

"अरे हरमला, काय केलंस हे! आधी पाणी त्यांना म्हणजे मोठा मानही त्यांनाच. ओढ ते उंट मागे!"

"पाण्याला तोंड लावलेलं जनावर मागे ओढू? मग उद्या या विहिरीवर कुत्रं तरी फिरकेल का?"

"मग आमचे मालक हे निघालेच!"

तंबूच्या दारातून हरमलाची बायको उमैमा कडाडली, "खुंटासारखे उभे काय राहिलात? पोरगं जातंय हातचं!" घरात होतं नव्हतं तेवढं उंटिणीचं दूध कटोऱ्यात घेऊन ती थेट रोमन वकिलाच्या घोडीपुढं गेली. "सांग रे तुझ्या मालकाला, पाणी आम्ही कुणालाही देतो. दूध फक्त घरच्या घोडीला."

घोडीनं कटोरा चाटूनपुसून साफ केला. वकील खुलला, बसला, आणि दिवस मावळायच्या आत तह झाला. घरची पोरं दुधावाचून कुरकुरत होती, पण उमैमा औसचं अंथरूण झटकत होती.

निघताना इराणी वकिलानं हरमलाला बाजूला घेतलं. "आम्हाला पाणी आणि त्यांना घरचं दूध. तुम्ही कुणाचे ते कळलं. तह टिकतोय तोवर औस आमच्याकडेच राहील."

"अहो मालक, ते नुसतं त्यांचा रुसवा काढायला—"

"आमचाही रुसवा तसाच काढा. तह मोडू देऊ नका. मोडला, तर पोरगं जिवंत दिसायचं नाही."

हे ऐकून उमैमा अंथरूण हातात धरूनच खाली बसली. "माझ्याच हातानं झालं," एवढंच म्हणाली.

तह पुढं बरीच वर्षं टिकला. दरबारांत त्याचं श्रेय भलत्यांनीच घेतलं. खरा टिकवला तो हरमलानं. टोळीतल्या कुणी या बाजूची किंवा त्या बाजूची मेंढरं पळवली, की हा उंटावरून मागं सुटायचा आणि शिव्या घालत मेंढरं परत पोचवायचा. टोळीतले लोक त्याला दोन बादशहांचा गुराखी म्हणून चिडवायचे. औस अजून तिकडेच होता.