पत्र्याची तलवार नाटकात नको

नाटकवाल्या मंडळींनो, वारणानगरचे दिनकरराव, कंबर कशी हाय? शाहूवाडीच्या मालूताई, खोकला थांबला का? माझी तब्येत बरी, पण आज डोकं फिरलंय.

सकाळी शिवाजी पेठेत आमच्या नाटकाची तालीम होती. मी लाकडी पट्टीला चंदेरी कागद चिकटवून सगळ्यांना तलवारी करून दिल्या होत्या. पण सेनापती झालेल्या बापूला खणखणाट पाहिजे होता! गड्यानं पत्रा कापून तलवार आणली, आणि कडासुद्धा दुमडल्या नाहीत. पहिल्याच वारात समोर लढणाऱ्या उस्मानभाईंचा तळवा फाटला. उजवा हात, आणि माणूस शिंपी!

"काका, लाकडाला आवाज न्हाय की," बापू म्हणतो.

मी ओरडलो, "मग आवाज विंगेत काढ की लेका! लोखंडी सळ्या आपटायला कुणीबी बसंल. ह्यांचं मशीन आता तू चालवणार व्हय?"

उस्मानभाई हाताला फडकं गुंडाळत हसले, "काका, आवाज मात्र झकास आला."

त्या हसण्यानं मला जास्तच राग आला. निम्म्या पेठेचे सणाचे कपडे त्यांच्याकडं शिवायला पडलेत.

तुमच्याकडं पत्र्याची हत्यारं असतील तर आजच मोडा. मोडली, एवढं तरी लगेच लिहून कळवा.