पोट मऊ

दुपारचे अडीच वाजलेत. झोपायचं नाही असं पक्कं ठरवून डॉक्टर रेवणसिद्ध हत्तुरे पलंगावर आडवा झालाय. मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपवर एक उघडा कागद, आणि तो भरून पाच वाजायच्या आत पाठवायचाय. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावातल्या इस्पितळात तो सात वर्षं नोकरी करतोय. तिथे काही बिनसलं, माणूस दगावलं, की डॉक्टरला ‘आत्मचिंतन’ लिहायला लावतात. सोलापूरच्या सरकारी इस्पितळात शिकताना चूक झाली की सर सगळ्यांदेखत बिनपाण्यानं करायचे आणि विषय संपायचा. इथे कोणी आवाजसुद्धा चढवत नाही. इथे तुमच्याच हातानं तुमची हजामत करून घेतात, आणि वर वस्तरा छान होता असंही लिहून घेतात.

चिंतन करायचंय ते डोरीन अ‍ॅक्रॉइड या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईंबद्दल. तीन आठवड्यांपूर्वी त्या गेल्या. आतडं फुटलं होतं, आणि ते कळलं तेव्हा वेळ निघून गेली होती. आज सकाळी मॅनेजरबाईंनी रेवणला बोलावून चहा पाजला आणि फार गोड शब्दांत सुचवलं, की रोग्याला आपलं दुखणं नीट सांगता आलं नाही, आणि इंग्रजी काही त्याची मातृभाषा नाही, त्यामुळे त्यालाही ते नीट उमगलं नाही, अशा धर्तीवर लिहिलं तर सगळ्यांच्याच सोयीचं होईल. संभाषणाचा एक छोटा कोर्स करावा लागेल, बस्स. डोरीनबाईंची मुलगी जॅनेट येत्या शुक्रवारी विचारायला येणार आहे, तिलाही तेच सांगता येईल. नोकरी शाबूत राहील. नोकरी आहे तोवर व्हिसा आहे, हे मॅनेजरबाईंनी बोलून दाखवलं नाही. ते बोलून दाखवावं लागतच नाही.

रेवणनं दीड पान भरलंय. ‘संभाषणातील अडथळे’ हे शब्द त्यात चार वेळा आलेत. आपलंच लिहिलेलं वाचताना त्याला शिळं तेल पुन्हा तापवल्यासारखा वास येतो. जरा डोळे मिटू या, पाचच मिनिटं, असं तो म्हणतो. पडद्याच्या फटीतून आलेला उजेड पांघरुणावर पसरतो, पातळ होतो, आणि कुठेतरी घंटा वाजते.

तो एका बंद दारासमोर उभा आहे. दार ओळखीचं आहे. बाहेरून शिकून आलेल्या डॉक्टरांची इथे परीक्षा घेतात तेव्हा ओळीनं अशा खोल्या असतात. प्रत्येक खोलीत पैसे देऊन आणलेला एकेक नट रोगी होऊन बसलेला असतो. आठ मिनिटं त्याच्याशी बोलायचं, घंटा झाली की पुढच्या खोलीत जायचं. त्या परीक्षेसाठी भाड्याच्या एका घरात तीन मराठी, चार मल्याळी आणि दोन नायजेरियन डॉक्टर महिनाभर आरशासमोर उभे राहून हळहळ पाठ करत होते. ‘हे ऐकून मला वाईट वाटलं.’ ‘तुम्हाला नेमकी कशाची काळजी वाटते?’ ज्याला पाठ झालं तो पास झाला. रेवण पहिल्या झटक्यात पास झाला होता.

दार उघडतं. आत कॉटवर डोरीनबाई बसल्यात. अंगात इस्पितळाचा निळा झगा आहे, पांढऱ्या केसांत एक चापाची पिन. रेवणला नवल वाटत नाही. तो खुर्चीच्या कडेवर बसतो, थोडा पुढे झुकतो, शिकवलं होतं तसाच. म्हणतो, “हे ऐकून मला वाईट वाटलं.”

“मी अजून काय बोललेच न्हाई की ओ,” बाई म्हणतात.

त्या सोलापुरी बोलतायत. जन्मभर आपल्या गावाच्या पाच मैलांपलीकडे न गेलेली गोरी बाई, आणि बोलतेय थेट बाळीवेशीतल्यासारखं. रेवणला तेही वावगं वाटत नाही. तो विचारतो, “मावशी, तुम्ही नट आहात ना? परीक्षेच्या?”

“मी मेलेली बाई हाय,” त्या म्हणतात. “तुमीच तर लिवलंय कागदावर, किती वाजता मेले ते.”

खोलीला आता भिंत नाही. लांबच लांब बुटकी टेबलं मांडलेली आहेत आणि त्यांवर शाळेची पोरं जेवायला बसलीत. या शाळेच्या स्वयंपाकघरात डोरीनबाईंनी एकतीस वर्षं वाढण्याचं काम केलं. इस्पितळात त्या सगळ्यांना तेच सांगत होत्या. आताही त्यांच्या हातात मोठा डाव आहे आणि त्या गुलाबी कस्टर्ड वाढतायत. वाढता वाढता बोलतायत. या शाळेत म्हणे पोलंडची पोरं होती, पाकिस्तानी होती, गुजराती होती, कुणाला इंग्रजीचा गंध नसायचा. पण कुणाचं पोट दुखतंय आणि कोण नुसती सोंगं करतंय, हे त्यांना ताटावरून कळायचं. पोरांचं त्यांना कळायचं, त्यांचं पोरांना कळायचं. आणि एकतीस वर्षांनंतर, मेल्यावर, कागदावर काय, तर बाईला बोलता येत नव्हतं.

“मी काय म्हनले होते तुमाला?” त्या विचारतात. “सांगा बघू.”

रेवणला ते शब्दन् शब्द पाठ आहे. हे मात्र त्यानं आरशासमोर पाठ केलेलं नाही. “तुम्ही म्हणालात, पहाटे पोटात कापड फाटल्यागत झालं. तेव्हापासून जरा हललं तरी जीव जातो, खोकायचीसुद्धा भीती वाटते.”

“कळलं न्हवतं?”

“कळलं होतं.”

इतकं स्पष्ट तर वैद्यकाच्या पुस्तकातसुद्धा लिहिलेलं नसतं. रेवण मान खाली घालतो. खाली फरशी आहे ती सोलापूरच्या इस्पितळाची, काळी-पांढरी, फिनाइलनं नुकतीच पुसलेली. लोखंडी कॉटांखाली नातेवाइकांच्या वळकट्या आहेत. आणि डोरीनबाईंच्या कॉटच्या पायथ्याशी, गरगरणाऱ्या पंख्याखाली, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून डॉक्टर पेमबर्टन उभे आहेत. पेमबर्टन म्हणजे रेवणचे साहेब. ते भिंतीवरच्या बाटलीतून हातावर जंतुनाशक औषध घेतायत आणि चोळतायत.

त्या दिवशीही ते असेच उभे होते. राउंडच्या अर्धा तास आधी रेवणनं बाईंच्या पोटावर हात ठेवला होता. पोट पाटासारखं कडक लागलं होतं. आत काहीतरी फुटलंय हे शिकाऊ पोरालाही सांगता आलं असतं. त्यानं ते साहेबांना सांगितलं. साहेबांनी हाताला औषध चोळलं, पायथ्याशी उभं राहून कागद चाळले, बाईंना त्यांच्या मांजराचं नाव विचारलं, आणि म्हणाले की बद्धकोष्ठ दिसतंय, पोट मऊ आहे, जुलाबाचं द्या, उद्या बघू. मग पुन्हा हाताला औषध चोळून पुढच्या कॉटकडे गेले. रोग्याला हात लावण्याआधी चोळायचं आणि लावल्यानंतर चोळायचं, असा इंग्लंडातल्या इस्पितळांचा नियम आहे. आधीचं झालं, नंतरचंही झालं, मधलं तेवढं राहून गेलं. आमच्याकडच्या सोवळ्याला नावं ठेवणाऱ्यांनी हे सोवळं एकदा बघावं. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात, पण निदान ते हात धुण्याचं सोंग तरी करत नाहीत.

पण पेमबर्टनची किळस करणं सोपं आहे. राउंडला साहेब बोलतो आणि हाताखालचा लिहितो, ही रीत सोलापुरातही तीच आणि इथेही तीच. “येस सर,” रेवण म्हणाला होता. इथे कोणी कोणाला सर म्हणत नाही, लोक हसतात. पण रेवणच्या तोंडून ते उचकीसारखं निघतं. आणि मग ज्या हाताला ते पोट कडक लागलं होतं त्याच हातानं, त्याच सकाळी, त्यानं बाईंच्या कागदावर लिहिलं होतं : पोट मऊ. खाली स्वतःची सही. हे त्यानं कोणाला सांगितलेलं नाही. मॅनेजरबाईंनी विचारलेलं नाही. त्याला किळस येते ती आपल्या या उजव्या हाताची. जेवताना तो घास तोंडाशी नेतो तेव्हासुद्धा येते.

डोरीनबाई कॉटवर आडव्या होतात, झगा वर करतात. “दाबा,” म्हणतात.

रेवण हात ठेवतो. कातडी कोमट आहे, आणि तिच्याखाली तोच पाट.

“कसं हाय?”

“मऊ,” तो म्हणतो. त्याला म्हणायचं नव्हतं, पण तोंड उघडलं की तेच बाहेर पडतं.

“परत दाबा.”

“मऊ, मावशी.”

वॉर्डातल्या सगळ्यांच्या हातात आता फायली आहेत. रोगी लिहितायत, कॉटांखालचे नातेवाईक उठून बसून लिहितायत, शाळेची पोरं कस्टर्डाच्या चमच्यानं लिहितायत, मऊ, मऊ, मऊ. पेमबर्टनच्या हातांतून फेस निघतोय आणि काळ्या-पांढऱ्या फरशीवर पसरतोय. कोणाला त्याचं काही नाही. जो तो पाय उचलून घेतो आणि लिहितो. डोरीनबाई रेवणकडे बघतायत. वाढलेल्या ताटात झुरळ निघालं तर वाढणारी बाई त्याच्याकडे बघेल, तसं त्यांचं बघणं आहे.

“माझी लेक येनाराय,” त्या म्हणतात. “जॅनेट. तिला सांगनार व्हय, की तुझ्या आईला पोट दुखतंय म्हनायला येत न्हवतं?”

रेवण अजीजीनं सांगायला लागतो. नोकरी जाईल. लायसनवर येईल. परत जावं लागेल, आणि परत जाऊन लोकांना काय सांगणार. आई-बापांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. हे सगळं तो अगदी पोटतिडकीनं सांगतो. या सात वर्षांत इतक्या मनापासून तो कोणाशी बोललेला नाही.

“जावा की मग,” बाई म्हणतात. “मी गेले न्हवं?”

त्याला हात काढून घ्यायचाय, पण बाईंनी त्याचं मनगट धरलंय. वाढणारीची पकड आहे, मोठी भांडी उचलून घट्ट झालेली. तो तिसऱ्यांदा दाबतो. दाबताना बाईंचा चेहरा पिळवटतो, आणि ते बघून त्याच्या तोंडून शब्द निघतो.

“कडक.”

“कुनाला सांगतायसा? मला म्हाईत हाय.”

“पोट कडक आहे!” तो ओरडतो. लिहिणारे थांबतात. पेमबर्टनचे हात थांबतात.

घंटा वाजते. आठ मिनिटं झाली. “आता हात काढा,” डोरीनबाई म्हणतात. “दुखतंय मला.”

तो जागा होतो तेव्हा सव्वाचार झालेत. लॅपटॉप पलंगाच्या कडेला कलंडलाय. तोंड आंबलंय, मान घामानं चिकट झालीय, आणि उजवं मनगट कोणी पिळून ठेवल्यासारखं ठणकतंय. उशीपाशी टोपण नसलेलं पेन पडलंय, त्याचा निळा डाग अभ्र्यावर उमटलाय. तो डावा हात उघडतो. तळव्यावर निळ्या शाईत, वाकड्यातिकड्या पण नीट वाचता येईल अशा अक्षरांत, एक शब्द लिहिलेला आहे. मराठीत. या देशात आल्यापासून त्यानं हातानं मराठी लिहिलेलं नाही. अक्षर मात्र त्याचंच आहे.

कडक.

तो अंगठ्यानं घासून बघतो. जात नाही. मग लॅपटॉप मांडीवर ओढतो आणि दीड पान पुसून टाकतो. नव्यानं लिहायला त्याला फार वेळ लागत नाही. बाईंनी आपलं दुखणं स्पष्ट सांगितलं, मला ते स्पष्ट कळलं. मी हात लावून बघितलं, पोट कडक होतं. डॉक्टर पेमबर्टन यांनी हात न लावता मऊ म्हटलं. मी ते खोटं आहे हे माहीत असताना लिहिलं आणि खाली सही केली. कृपया हे त्यांच्या मुलीला माझ्या तोंडून सांगू द्यावं.

शेवटी एक चौकट उरते. या घटनेतून आपण काय शिकलात? ती रिकामी ठेवली तर कागद पुढे सरकत नाही, लाल होऊन तिथेच अडून बसतो. तिथे लिहायची वाक्यं रेवणला पाठ आहेत, निदान वीस तरी. मग तो लिहितो, “काही नाही. हे मला त्या सकाळीही येत होतं.” आणि पाच वाजायला दहा मिनिटं असताना पाठवून देतो.