पदक लावणारी

पडदा वर जातो तेव्हा समोर दोन खोल्यांचं घर आहे. सकाळची वेळ. मधोमध उभी राहून एक बाई वर्दीच्या शर्टाला इस्त्री करते आहे. खिडकीपाशी तिचा नवरा डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी मनगटी घड्याळात डोकं खुपसून बसलाय. अजून एक वाक्यही झालेलं नाही, पण इस्त्री ज्या तऱ्हेनं आपटते आहे, त्यावरून शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळावं की आज बाईंचं काहीतरी बिनसलंय.

"शर्ट जळेल," घड्याळजी भिंगातूनच म्हणाला.

"जळू दे. या घरात जळायला काय फक्त शर्टच आहे?"

तो गालातल्या गालात हसला. गेला आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. "सत्कार तिचा, आणि इस्त्री मी करायची," बाई पुढे म्हणाली.

"अगं, शर्ट तुझाच आहे ना?"

"माझा शर्ट तिच्या सत्काराला चाललाय. म्हणजे तिचाच झाला की."

त्यानं घड्याळाचं झाकण बसवलं आणि चहाचं आधण ठेवायला उठला.

पोलीस ठाण्यात तिला सगळे मोठ्या बाई म्हणतात. ती भरती झाली तेव्हा त्या ठाण्यात बाईमाणूस यायचं ते तक्रार घेऊन. पहिल्या दिवशी दारातल्या अंमलदारानं तिलाही विचारलं, "काय तक्रार आहे?" ती म्हणाली, "अजून नाही. आजच कामावर रुजू होतेय." त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग हुकुमाच्या कागदाकडे, मग पुन्हा तिच्याकडे, आणि साहेबांना हाक मारली. जणू काही पार्सल चुकीच्या पत्त्यावर आलं होतं.

बायकांसाठी कपडे बदलायची खोली नव्हती. जुन्या कागदांच्या कपाटांमागे जाऊन, दाराला आतून खुर्ची लावून ती वर्दी चढवायची. विजार पुरुषी मापाची. शिंप्यानं कंबरेत इतकी आवळली की दोन्ही खिसे मागे एकमेकांना भेटायला आले. मोरीला जायचं तर समोरच्या कापडवाल्याच्या बायकोला विचारून जायचं. ती माऊली कधी नाही म्हणाली नाही, पण दर खेपेला विचारायची, "अजून तिथेच आहेस का गं?"

ती तिथेच होती. मोर्चात दगड खाल्ले, चौकात उन्हात उभी राहिली, कोठडीतल्या बाळंतिणीला स्वतःच्या घरची गोधडी आणून दिली. पण तिची खरी जागा म्हणजे ठाण्यातलं ते लांब बाक. रडत आलेल्या बाईला साहेब टेबलापलीकडून विचारायचे, "नाव? पत्ता? कधी घडलं?" बाई आणखीच गप्प व्हायची. मग मोठ्या बाई तिच्या शेजारी जाऊन बसायच्या. समोर कधीच नाही, शेजारी, दोघींची तोंडं भिंतीकडे. आणि विचारायच्या, "आज काय शिजवलं होतं घरात?" आमटीपासून सुरुवात झाली की बोलणं हळूहळू आमटीचं भांडं कुणी भिरकावलं इथपर्यंत आपसूक यायचं. भांडण चुलीपासून सांगायला घेतलं की बाई शेवटापर्यंत सांगते, हा त्यांचा सिद्धांत.

एवढ्या नोकरीत तिचा सत्कार एकदाच झाला. एका शाळेनं फुलझाड दिलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेचा शिपाई कुंडी परत न्यायला आला.

आणि मग आली चिमणी.

हे नावही मोठ्या बाईंनीच ठेवलेलं. नवी पोरगी, अंगानं काडी, आवाज असा की "थांब" म्हटलं तर चोर पळायचा सोडून दाणे टाकेल. बाईंनी तिला हाताखाली घेतलं. पट्टा कसा आवळायचा, बुटाला चकाकी कशी आणायची, दारुड्याचा हात कुठे धरायचा आणि बाकावर कसं बसायचं, सगळं शिकवलं. जीव लावला म्हणा ना. बाईंना बढती मिळाली तेव्हा त्यांचा जुना बक्कल नंबर, चारशे सात, खात्याकडे परत गेला आणि फिरून चिमणीच्याच छातीवर आला. तेव्हा बाईंनी अख्ख्या ठाण्याला चहा पाजला होता.

तर त्या चिमणीनं पराक्रम केला. एका माणसानं लहान मुलीसकट स्वतःला घरात कोंडून घेतलं, सगळीकडे रॉकेल शिंपडलं आणि काडेपेटी हातात घेऊन बसला. बाहेर साहेब, बंब, भोंगा, गर्दी. चिमणीनं साहेबांना भोंगा बंद करायला लावला, बंद दाराला पाठ टेकून खाली फरशीवर बसली आणि म्हणाली, "पोरीनं सकाळपासून काय खाल्लं हो?" दिवस मावळायच्या आत दार उघडलं. आधी पोर बाहेर आली, मग काडेपेटी, मग तो.

त्या वेळी मोठ्या बाई कुठे होत्या? दंतवैद्याच्या खुर्चीत, आ वासून. अर्धी रजा काढून दाढ उपटायला गेल्या होत्या.

"त्या दाढेनं माझं पदक खाल्लं," त्या घरी म्हणाल्या.

"मग दाढेलाच लाव की पदक," घड्याळजी म्हणाला. "दिलीये ना डॉक्टरनं पुडीत बांधून?"

त्यावर तिनं ती पुडी त्याच्याच भिंगाच्या डबीत कोंबली. पण खरा काटा दाढेचा नव्हताच. वर्तमानपत्रात चिमणीचा फोटो आला, मुलाखत आली. तिनं आईचे आभार मानले होते, साहेबांचे मानले होते, बंबवाल्यांचेही. बाईंनी ती मुलाखत उभी वाचली, बसून वाचली, चष्मा पुसून वाचली. त्यांचं नाव काही उगवलं नाही. बाक त्यांचं, चूल त्यांची, आणि आभार बंबवाल्यांचे.

वर खात्याचा एक रिवाज आडवा आला. ज्यानं नव्याला शिकवलं, त्यानंच त्याच्या छातीवर पदक लावायचं. बाईंनी रजा मागितली. साहेब म्हणाले, "बाई, महिनाअखेर निवृत्त होताय. एवढं एक करून जा."

"बरोबर आहे, साहेब. आमचं तेवढंच राहिलं होतं."

आता दुसरा प्रवेश. सभागृह खचाखच. पुढे अधिकारी, मागे वर्दीतल्या बायकांच्या रांगाच्या रांगा. बाईंनी विंगेतून पाहिलं आणि क्षणभर त्यांना आपला राग आठवेना, इतक्या होत्या. तेवढ्यात पलीकडच्या विंगेत चिमणी दिसली. टोपी झोकात, बूट आरशासारखे. राग आठवला.

बाईंच्या हातात तबक, तबकात पदक. पाहुण्यांची भाषणं झाली. सूत्रधारानं घसा साफ केला आणि खात्याच्या पद्धतीप्रमाणे आधी नंबर पुकारला.

"बक्कल नंबर चारशे सात."

पुढे जे झालं ते बाईंनी केलंच नाही, त्यांच्या पायांनी केलं. अख्खी जवानी रोज सकाळी हजेरीला हाच नंबर ऐकून जे पाय एक पाऊल पुढे पडले होते, ते आजही पडले. टाच टाचेवर आपटली आणि खणखणीत आवाज गेला, "हजर."

त्याच वेळी पलीकडून चिमणी पुढे आली होती. तिनंही टाच आपटली. "हजर."

रंगमंचावर नंबर एक, बायका दोन. पाहुण्यांना काय कळणार? त्यांनी वयाचा मान राखून फुलांचा गुच्छ मोठ्या बाईंच्याच हातात दिला आणि अभिनंदन केलं. सभागृहात आधी खसखस पिकली, मग हशा उसळला. वाईट कुणालाच म्हणायचं नव्हतं, पण हशा हा हशा असतो. बाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आठ दिवस जे चारचौघांत पोटात दडवलं होतं, ते पायांनी भर सभेत सांगून टाकलं होतं: हा मान मला हवा होता.

गुच्छ त्यांनी चिमणीच्या हातात कोंबला. पदक उचललं. जवळ आल्यावर चिमणी ओठ न हलवता पुटपुटली, "बाई, मला वाटलं तुम्ही येणार नाही."

"पोट आत घे."

बाईंचा हात म्हणजे ओळंबा. कुणाच्या खांद्यावरची फीत सुताभर हलली तरी त्यांना हजेरीच्या रांगेच्या टोकावरून दिसायची. त्यांनी पिन टोचली, मागून अडकवली, आणि पदक डावीकडे कललेलं त्यांना दिसलं. स्वच्छ दिसलं. बोटं अजून तिथेच होती, सरळ करायला निमिष पुरलं असतं. त्यांनी बोटं काढून घेतली. छायाचित्रकारांचे दिवे उडाले. टाळ्या पडल्या. सलाम झाला. पदक तसंच, तिरकं.

कार्यक्रम संपल्यावर चिमणी त्यांना शोधत आली, ती थेट रंगपटात. बाई आरशासमोरच्या स्टुलावर बसल्या होत्या. आरशाभोवतीचे सगळे दिवे पेटलेले. अशा आरशासमोर माणसाला स्वतःचा चेहरा चुकवता येत नाही.

"बाई, रागावलात?"

"मी कशाला रागावू? बंबवाले रागावलेत का बघ. त्यांचे आभार तरी नीट मानलेस ना?"

चिमणीचा चेहरा पडला. सबब सांगितली असती तर बाईंनी ती फाडून खाल्ली असती. पण ती म्हणाली, "समोर माइक आला आणि मी घाबरले. जे समोर उभे होते त्यांची नावं घेतली. तुम्ही समोर नव्हता."

"मी समोर कधी बसते?" बाईंच्या तोंडून गेलं.

"तेच तर," चिमणी म्हणाली. "त्या दाराशी बसले होते ना, तेव्हा सारखं वाटत होतं तुम्ही शेजारी आहात. मी एकदा बाजूला सरकलेसुद्धा, तुम्हाला जागा करायला. नंतर सगळ्यांना सांगायचं सुचलंच नाही. चुकलं माझं."

ती बोलता बोलता रडायला लागली, तशीच, चिमणीसारखी. मग एकदम छातीवरचं पदक काढायला लागली. पिन मागून अडकलेली. निघाल्यावर तिनं ते तळहातावर ठेवून पुढे केलं. "हे तुमचं आहे, बाई. खरंच घ्या. मी कुणाला सांगणार नाही."

बाईंनी ते घेतलं. खोटं कशाला बोला, घेतलं. उचलून आरशात पाहत स्वतःच्या छातीशी धरलं. वजन चांगलं होतं. दिव्यांत ते असं चमकलं की त्या स्वतःकडे जरा बघतच राहिल्या. मान किंचित ताठ झाली. आरशातली बाई त्यांना आवडली. मागे चिमणी नाक पुसत उभी होती, आणि तिच्या शर्टावर पिनेची दोन बारीक भोकं दिसत होती, एक वर, एक खाली. एका ओळीत नसलेली.

बाई उठल्या. चिमणीचे खांदे धरून तिला उजेडाकडे वळवलं, पदकाची पिन उघडली आणि म्हणाल्या,

"तुझं मला नको गं. मला माझं हवं होतं. आता हलू नकोस, मघाशी मी मुद्दाम तिरकं लावलं होतं."