ग्रीक हॉटेलातल्या जावयाची चौकशी

साप निघाला म्हटलं तरी कुठं, केवढा, पाहिला कुणी, हे विचारल्याशिवाय चाकूरचे शेषेराव काठी उचलायचे नाहीत. त्यात थोरल्या लेकीच्या, तनुजाच्या वेळी फसगत झालेली. मुलगा बँकेत आहे म्हणून सांगितलं आणि लग्नानंतर कळलं, की जावईबापू घरीच लोळत असतात. तेव्हा धाकट्या ऋतुजाला स्थळ आलं, तसे दुधानं तोंड पोळलेले शेषेराव ताकही फुंकून प्यायला निघाले.

मुलगा दयानंद, मूळचा जळकोटचा. पुण्यात ग्रीक हॉटेलात मोठा आचारी आहे, असं मध्यस्थ मलप्पाचं म्हणणं. हॉटेलाचं नाव त्यालाही येत नव्हतं, भाग तेवढा ठाऊक होता. ऋतुजाला मुलगा फोटोतच आवडला होता. पण स्थळाची चौकशी का कुणी सांगून करतं? शेषेरावांनी बायकोला, केवळाबाईंना, सोबत घेतलं आणि गुपचूप पुणं गाठलं. तिथं ग्रीक हॉटेलं निघाली दोन.

पहिलं एकदम चकाचक. भल्यामोठ्या बशीच्या मधोमध काकडी घातलेलं चमचाभर दही आलं. केवळाबाईंनी चाखून सांगितलं, की ही तर आपली कोशिंबीर, फक्त फोडणी द्यायची विसरलेत. सोबतची काळी फळं इतकी खारट, की त्यांनी ती मुकाट्यानं बशीच्या कडेला लावली. शेषेरावांनी वाढप्याजवळ दयानंदाचं नाव काढलं, तर असा कुणी इथं नाही म्हणाला. दुसऱ्याही लेकीच्या नशिबी तेच, असं त्यांना वाटून गेलं.

दुसरं हॉटेल गल्लीत, लहानसं. दही तेच, पण लसूण सढळ हातानं घातलेला, आणि रोटी थेट तव्यावरून पानात. चवीला हेच सरस, असा निकाल केवळाबाईंनी देऊन टाकला. शेषेरावांनी मात्र घासही मोडला नाही. तेवढ्यात काचेपलीकडच्या भट्टीपाशी त्यांना फोटोतला चेहरा दिसला. म्हणजे नोकरी तरी खरी होती. पण माणूस कसा?

ते बसून राहिले. गिऱ्हाईक पांगल्यावर दयानंदानं कामगारांची ताटं वाढायला घेतली. पहिलं ताट भांडी घासणाऱ्या म्हातारीला दिलं, तेही स्टूल पुसून तिला बसवून. मग बाकीच्यांना वाढलं आणि उरलंसुरलं स्वतः उभ्यानंच खाऊ लागला.

"तनुजाचा नवरा आईच्या आधी ताट वढतो," केवळाबाई हळूच म्हणाल्या.

शेषेराव उठले, काचेपाशी गेले आणि नाव-गाव सांगितलं. मुलाच्या हातातला घास हातातच राहिला. लगबगीनं हात धुऊन तो पाया पडला.

"मामा, कळवलं असतं तर न्यायला आलो असतो. बसा, गरम करून आणतो."

शेषेरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला होता, आणि सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही हे त्यांना आत्ता आठवलं.

"आन बाबा, लई भूक लागलीय," ते म्हणाले. "एकदा लेक दिली की नातू होईस्तोवर जावयाच्या घरचं आमाला चालत न्हाई. आजच पोटभर जेवून घेतो."

केवळाबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि, नुकतंच जेवण झालेलं असूनही, आपलंही ताट मागवलं.