सात हातांचा नाग

नागाला मी दोष देत नाही. कडब्याच्या गंजीत तो होता, जाऊबाईंनी पेंढी ओढली आणि त्यांच्या उजव्या हाताच्या करंगळीला तो डसला. माझा राग आहे तो माणसांवर, आणि इतकी वर्षं झाली तरी तो कमी होत नाही.

निजामाचं राज्य होतं. आमचं गाव भोकरदनपासून गाडीवाटेनं दोन-अडीच कोसांवर. माझे यजमान कापूस घेऊन जालन्याला गेले होते. घरात थोरले दीर, जाऊबाई आणि मी. बाईंची किंकाळी ऐकून दीर काठी घेऊन धावले. त्यांनी नाग ठेचला, बाईंच्या मनगटाला सुतळी करकचून आवळली, आणि नाग काठीवर टाकून निघाले. मला वाटलं, गाडी जुपायला गेले. शेजारची म्हातारी बाईंना कडुनिंबाचा पाला चारू लागली. "कडू लागून राह्यला का गं?" असं ती सारखी विचारत होती; विष चढलं की पाला कडू लागत नाही म्हणतात. बाईंचा हात कोपरापर्यंत सुजला, जीभ जड पडायला लागली, तरी गाडीची चाहूल नाही.

शेवटी मीच चावडीकडे पळाले.

तिथं जत्रा भरली होती. ओट्यावर नाग सरळ ताणून ठेवलेला. एक जण शेपूट ओढतोय, दुसरा कोपरापासून बोटापर्यंत हात टाकून मोजतोय. चार हात भरला. कुणी म्हणालं, डोकं ठेचलंय, त्याची वीतभर धरा. महसुलाच्या दौऱ्यावर आलेले गिरदावरसाहेब बाजेवर बसून हसत होते. "अरे, ये तो कुछ भी नहीं. नीचे के जंगल में नागराज होता है, बारा हाथ का. जहरी सापों में उससे लंबा दुनिया में कोई नहीं." हे ऐकून आमच्या लोकांना गावाची इज्जत गेल्यासारखं झालं. ते नाग आणखी जोरानं ताणू लागले. ताणणाऱ्यांत आमचे दीर सगळ्यांत पुढे.

थोरल्या दिरासमोर मी तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं. पदर सावरून म्हणाले, "भावजी, गाडी जुपा. बाईंची जीभ जड झालीय."

"जातो ना! मांत्रिकाला सांगावा धाडलाय. आधी माप बराबर होऊ दे."

माझ्या डोक्यात काय गेलं कोण जाणे. मी पुढे झाले, नागाची शेपटी धरली, त्यांच्या हातातून तो हिसकावला आणि समोरच्या काटेरी कुंपणावर भिरकावला. "मोजा आता! माणूस मरून राह्यलं घरात, अन् तुम्ही साप मोजता?"

मी घरी येऊन बैल सोडले आणि म्हातारीच्या मदतीनं गाडी जुपून बाईंना आत निजवलं. पांदीपर्यंत गेले तेव्हा दीर धावत आले आणि त्यांनी कासरा माझ्या हातातून ओढून घेतला. वाटभर ते एकच बोलत होते, "चार माणसांत माझी इज्जत घालवली." मागे बाई माझ्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होत्या. त्यांच्याकडे दिरांनी एकदाही वळून पाहिलं नाही.

भोकरदनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं सुतळी कापली, जखम चिरून धुतली, सुई टोचली. बाई वाचल्या. करंगळी मात्र काळी पडून सडली, ती काढावी लागली. "जल्दी आणलं असतं तर बोटसुद्धा राहिलं असतं कदाचित," डॉक्टर म्हणाले. दीर खाली बघत उभे होते. मला वाटलं, आता तरी माणसाला कळलं असेल.

कसलं काय! घरी आल्यावर नाग पाच हातांचा झाला. पुढच्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या पंगतीत तो सात हातांवर गेला. दीर हात पसरून सांगत होते, पाहुणे माना डोलावत होते, आणि बाई चार बोटांच्या हातानं त्याच पंगतीला वरण वाढत होत्या. एकानंही त्या हाताकडे पाहिलं नाही.

चुलीपाशी आल्यावर मी चिडून विचारलं, "बाई, तुम्हाला राग येत न्हाई?"

त्यांनी वरणाचं भांडं खाली ठेवलं. "येतो की. रोज भाकर थापताना येतो."

मग त्या पुन्हा भांडं भरून बाहेर गेल्या. या वेळी दिरांच्या पानासमोरून त्या न वाढताच पुढे गेल्या. दीर तसेच, हात पसरलेले, कोरड्या भाताकडे बघत राहिले.